शिष्टाचाराचे पाच शब्द

परकीय भाषेचा पहिला धडा बहुधा व्याकरणाने सुरू होतो आणि विद्यार्थी तेथेच दमतो. फ्रेंचचा पहिला धडा मात्र शिष्टाचाराचा असतो. दुकानात शिरताच ‘बोंझूर’, काही मागताना ‘सिल व्हू प्ले’, मिळाल्यावर ‘मेर्सी’, धक्का लागला तर ‘पार्दों’ आणि निघताना ‘ओ रव्वार’. या पाच शब्दांवर नवशिक्याचा एक दिवस निभावतो. त्यांतही ‘बोंझूर’ चुकवून चालत नाही. पॅरिसच्या पाववाल्याला एकदम भाव विचारणारा परका उद्धट वाटतो. आधी दिवसाचे अभीष्ट चिंतावे, मग पाव मागावा.

माझ्या भाचीने महाविद्यालयात फ्रेंच घेतले तेव्हा सुटीत हुलसूरच्या घरी तिच्याकडून हे शब्द म्हणवून घेण्याचे काम माझ्याकडे आले. शब्दांची चिरफाड करण्याची खोड वकिलाला असतेच. ‘सिल व्हू प्ले’ म्हणजे अक्षरशः ‘आपल्याला रुचत असेल तर’. जवळच्या माणसाशी त्याचे ‘सिल त प्ले’ होते. हा भेद आपल्या ‘तुम्ही’ आणि ‘तू’सारखाच, मराठी मुलीला तो समजावून द्यावा लागत नाही. ‘मेर्सी’चा जुना अर्थ कृपा. निजामी अमदानीत कचेरीत घोळलेली आपली ‘मेहेरबानी’ तिची सख्खी बहीण शोभेल.

“मामा, ‘सिल व्हू प्ले’ला मराठीत काय म्हणायचे?” असे तिने विचारले, तेव्हा मी थबकलो. ‘कृपया’ आहे, पण तो फलकावर. शेजारणीला कोणी ‘कृपया विरजण द्या’ म्हटले तर ती बिचारी घाबरेल. आपली विनंती क्रियापदात, ‘जरा’त आणि ‘हो’त वसते: ‘जरा विरजण देता का हो?’ कन्नडातही ‘दयविट्टु’ छापील. तोंडी सारा आदर एका ‘री’त. ‘बर्री’, ‘कूडर्री’. आणि आभार? आईला ‘धन्यवाद’ म्हणणे म्हणजे तिला परकी करणे.

घरात हे गोड आहे. पंचाईत उंबऱ्याबाहेर होते. आमचा बिदर जिल्हा १९५६ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला. घरी मराठी, बाजारात दखनी, कचेरीत कन्नड, असा आमचा दिनक्रम. माझ्या एका पक्षकाराने एका कचेरीत ‘पहाणी द्या’ म्हणून कागद पुढे केला. त्याच्या ‘द्या’त आदर होता, पण दक्षिणेकडून नुकत्याच बदलून आलेल्या कारकुनाला तो ऐकू कसा यावा? त्याला नुसता हुकूम ऐकू आला, आणि कागद रखडला. क्रियापदाच्या प्रत्ययात दडलेले सौजन्य ती भाषा जाणणारालाच कळते. पुढच्या खेपेस मी पक्षकाराकडून ‘नमस्कार री, स्वल्प पहणि कोड्री’ एवढे घोकून घेतले. कारकुनाने मान वर करून पाहिले, हेही थोडे नव्हते.

यावर आमचे काही मित्र रागावतात. आपण का वाकावे? गाऱ्हाण्याचा अर्ज आपल्या भाषेत देण्याचा अधिकार राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने दिला आहे, आणि तो मी कदापि सोडणार नाही. नमस्काराला मात्र अनुच्छेद लागत नाही.

मॉरिशसच्या मराठी कुटुंबांना हे फार पूर्वी उमगले असावे. १८३४ पासून गिरमिटिया मजूर त्या बेटावर जाऊ लागले, त्यांत कोकणातलेही होते. राज्य इंग्रजांचे, पण १८१० च्या शरणागतीच्या करारान्वये तेथील फ्रेंच रहिवाशांचे कायदे व रीतिरिवाज राखले गेले, आणि व्यवहारात फ्रेंचपासून घडलेली क्रिओल चालली. कोकणी माणसाच्या नातवंडांच्या तोंडी ‘बोंझूर’ बसला, पण घरी गणपती बसवणे सुटले नाही. आज तेथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते.

निरोपाच्या शब्दांपाशी आमची शिकवणी सर्वांत रेंगाळली. ‘आद्यू’ म्हणजे ‘देवाच्या हवाली’. तो कायमच्या निरोपाचा, म्हणून नवशिक्याने जपून वापरावा. आमची कोकणी भावंडे आभार मानतानाच ‘देव बरें करूं’ म्हणून फेड देवावर सोपवतात, ते मला अधिक भावते. ‘ओ रव्वार’ म्हणजे पुन्हा दृष्टिभेट होईपर्यंत. आमच्या गावात ‘जातो’ म्हणणे अशुभ. मराठी माणूस ‘येतो’ म्हणून उठतो, कन्नड शेजारी ‘होगि बर्तीनि’, जाऊन येतो, म्हणतो. भाचीने वहीत ‘ओ रव्वार’समोर अर्थ लिहिला: ‘येते हं’. परीक्षक काय म्हणायचे ते म्हणोत. मी तो खोडला नाही.