किनोसाकीचे ऊन पाणी

जपानच्या ह्योगो प्रांतात, अगदी उत्तरेकडे, जपानच्या समुद्रापासून थोड्याच अंतरावर किनोसाकी हे लहानसे गाव आहे. ओसाकाहून सुटणारी जलद गाडी डोंगरदऱ्यांतून वळणे घेत अडीच-पावणेतीन तासांत तेथे पोहोचते. गावामधून ओतानी नावाची चिंचोळी नदी वाहते. तिच्या दोन्ही काठांवर वाळुंजाची झाडे, मागे लाकडी सराया आणि त्यांच्या अधूनमधून सात सार्वजनिक स्नानगृहे. तेराशे वर्षांपूर्वी एका भिक्षूने हजार दिवस प्रार्थना केली आणि येथे ऊन पाण्याचा झरा फुटला, अशी आख्यायिका सांगतात.

जानेवारीत माझ्या ७९ वर्षांच्या आईला घेऊन मी या गावी तीन दिवस राहिले. भाची ओसाकाला नोकरी करते. आजीच्या गुडघ्यांना हे पाणी मानवेल, असा तिचा हट्ट होता. निघण्यापूर्वी नातेवाइकांनी दोनच प्रश्न विचारले. एवढ्या थंडीत म्हाताऱ्या माणसाला कशाला नेतेस? आणि तिकडे भूकंप होतात ना? दोन्ही प्रश्न रास्त होते. मात्र डॉक्टर या नात्याने मला पहिल्याचीच धास्ती अधिक होती.

कारण सांगते. जपानमध्ये वाहनांच्या अपघातांत जितके वृद्ध दगावतात, त्यांहून अधिक स्नानाच्या हौदात बुडून दगावतात, आणि तेही मुख्यत्वे हिवाळ्यात. गारठलेल्या खोलीत कपडे उतरवताच त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्तदाब एकदम चढतो. ऊन पाण्यात शिरल्यावर त्याच वाहिन्या सैलावतात आणि दाब उतरू लागतो. शेवटी माणूस झटकन उभा राहतो, तेव्हा अंगावरचा पाण्याचा दाबही नाहीसा होतो, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते आणि भोवळ येते. आपल्याकडे तो फरशीवर पडेल. तेथे तो पाण्यात पडतो. म्हणूनच पाणी ४१ अंशांपर्यंतच ऊन असावे आणि आत दहा मिनिटांहून अधिक बसू नये, अशी सूचना तेथील ग्राहक व्यवहार संस्थेने दिली आहे. सार्वजनिक हौदांचे पाणी मात्र याहून ऊन असू शकते; म्हणून आमची वेळ मी निम्म्यावर आणली.

आईसाठी माझ्या अटी ठरलेल्या होत्या. जेवणानंतर तासभर स्नान नाही. रक्तदाबाची गोळी घेतल्यावर लगेच नाही. आधी एक पेला पाणी प्यायचे. मग लाकडी घंगाळातून ऊन पाणी प्रथम पावलांवर, मग मांड्यांवर, शेवटी खांद्यांवर घ्यायचे. हौदात उतरण्यापूर्वी अंग स्वच्छ धुण्याची जपानी रीत आहेच. ती पाळताना शरीराला उष्णतेची सवय आपोआप होते. पाणी छातीपर्यंतच, पाच मिनिटे. बाहेर येताना काठावर बसून शंभर आकडे मोजायचे. आई म्हणाली, "अगं, हे स्नान आहे की शस्त्रक्रिया?" तरी तिने सर्व पाळले. बर्फावरून लाकडी खडावांनी चालण्याची तेथे मौज असते. ती मात्र मी तिला करू दिली नाही. रबरी तळव्यांचे बूट आणि माझा हात, एवढ्यावरच तिची बोळवण केली.

नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, थोड्याशा श्रमाने छातीत दुखणाऱ्यांनी, धाप लागणाऱ्यांनी आणि ताप असणाऱ्यांनी अशा पाण्यापासून दूरच राहावे. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील, तर पाण्याची धग दुसऱ्याच्या हाताने पाहून घ्यावी. गुडघे बरे होतात काय? उष्णतेने स्नायू सैल होतात, ठणका काही तास उतरतो. झिजलेली कूर्चा परत येत नाही. आई मात्र त्या दोन-तीन तासांवर बेहद्द खूश होती, आणि तिच्या आनंदात मीही वैद्यकशास्त्र मध्ये आणले नाही.

आता भूकंप. २३ मे १९२५ रोजी सकाळी या भागात ६.८ रिश्टरचा धक्का बसला. घरे कोसळली, चुली पेटलेल्या होत्या, आग पसरली आणि किनोसाकी जवळजवळ पुरते जळाले. त्या प्रदेशात चारशेहून अधिक माणसे गेली. गाव पुन्हा बांधताना लाकडी सरायांचे रूप राखले. पण नदी सुधारली, रस्ते रुंद केले आणि आग अडावी म्हणून मध्ये काँक्रीटच्या इमारती उभारल्या. जवळच गेन्बुदो येथे षट्कोनी खांबांसारखे उभे काळे दगड आहेत. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ओळख पटेल. सह्याद्रीचाच तो बेसॉल्ट. आईने त्यावर हात ठेवून पाहिला.

दुसऱ्या रात्री जमीन हलली. तातामीवर गाद्या घालून झोपलो होतो, त्यामुळे पाठीलाच कळले. दारे खुळखुळली, पाच-सहा सेकंदांत सारे शांत. दूरदर्शनवर पट्टी आली: तीव्रता दोन. तेथे शून्य ते सात अशी मोजणी असते. आई उठून बसली होती. "किल्लारीच्या रात्री सोलापुरात असंच झालं होतं," ती म्हणाली. १९९३ ची ती पहाट, गणपतीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती आणि दगडमातीच्या जड भिंती माणसांवर आल्या. आम्ही दोघी थोडा वेळ बोललो नाही.

सरायेच्या दारावर बाहेर पडण्याचा नकाशा आणि उशाशी विजेरी होती. मी त्यांत आईचे बूट, चष्मा आणि आठवड्याच्या गोळ्यांची डबी ठेवली. यामागे कारण आहे. २०१६ मध्ये कुमामोतोला भूकंप झाला, तेव्हा सुमारे ५० माणसे धक्क्यातच गेली. पण त्यानंतरच्या आठवड्यांत व महिन्यांत, निवाऱ्यातील हालांनी, मोडलेल्या उपचारांनी दोनशेहून अधिक गेली, आणि त्यांत वृद्धच फार. शौचालय दूर म्हणून म्हातारी माणसे पाणी पीत नाहीत. मोटारीत अवघडून झोपल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात. रक्तदाबाची गोळी चार दिवस चुकते. २०२४ च्या एक जानेवारीला नोतो द्वीपकल्पात हेच दुःख कडाक्याच्या थंडीत पुन्हा घडले. तेथील वाकुरा या ऊन पाण्याच्या गावालाही मोठी झळ पोहोचली.

जपानी वृद्धांजवळ औषधांची एक छोटी वही असते. औषधविक्रेता दर खेपेस नाव, मात्रा व तारीख तीत चिकटवतो. २०११ च्या त्सुनामीनंतर रुग्णालयांच्या नोंदी वाहून गेल्या असता अनोळखी डॉक्टरांना या वह्यांचा मोठा आधार झाला. भाचीने आजीसाठी एक कोरी वही विकत घेतली. वरच्या पानावर करकोच्याचे चित्र होते. परतीच्या गाडीत आईने स्वतःच्या अक्षरांत ती भरली: गोळ्यांची नावे, सकाळ-रात्र, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठते, माझा दूरध्वनी, शेजारच्या वहिनींचा दूरध्वनी. रक्तगटाच्या ओळीपाशी थांबून तिने मला विचारले. मी सांगितला. मग तिने वही मिटून पोलक्याच्या खिशात ठेवली आणि खिडकीबाहेरचा बर्फ पाहत बसली.