सलाईन : प्रसाद नव्हे, औषध

वस्तीत कुणाला अशक्तपणा आला की घरचे लगेच म्हणतात, "एक सलाईन लावून आणू." दिवसभराची मजुरी त्या बाटलीवर जाते. त्या बाटलीत काय असते, हे आपण कधी विचारले का?

नॉर्मल सलाईनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्धा लिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. यात ताकद कुठली?

मग सलाईन थोतांड आहे का? मुळीच नाही. जुलाब-उलट्यांनी पार सुकलेल्या, पाणीही पिऊ न शकणाऱ्या रुग्णाचा जीव त्याने वाचतो. पण ते मोजून द्यायचे औषध आहे. तोंडाने काही न घेणाऱ्या प्रौढाला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण २५ ते ३० मिली पाणी लागते. जुलाबात गेलेले पाणी वेगळे भरून काढावे लागते. हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर हिशेब बदलतो. पोटॅशियम कमी झाले तरी आणि वाढले तरी हृदयाचे ठोके बिघडतात. फार घटलेले सोडियम घाईने वाढवले तर मेंदूला इजा होते. म्हणून रक्ताची तपासणी आणि लघवीची नोंद हवी.

एका सरकारी दवाखान्यात आम्ही वस्तीतल्या एका आजीसोबत होतो. बाटलीमागून बाटली चढत होती. आजीच्या पायावर सूज आली, आडवे झाले की धाप लागू लागली. लघवी किती झाली, याची नोंद कागदावर नव्हती. घरचे गप्प होते, कारण "डॉक्टरला कसं विचारायचं?" आम्ही विचारले. डॉक्टर आले, छाती तपासली आणि सलाईन थांबवले. रात्री आजीचा श्वास सुधारला.

हे गप्प राहणे अज्ञानातून येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या 'विचारू नको' हेच आपल्याला शिकवले गेले. बाटली देवाचा प्रसाद मानणे आणि डॉक्टरसमोर मान खाली घालणे, ही एकाच गुलामीची दोन रूपे आहेत.

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनचा साठा संपत आला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. पाजायला नातेवाईकच होते. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. ज्ञान सामान्यांच्या हाती आले की काय होते, ते इथे दिसते.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत माहितीचा हक्क आहे. तेव्हा मित्रांनो, रुग्णासोबत जाल तेव्हा चार प्रश्न विचारा : हे सलाईन कशासाठी? किती वेळात? लघवीची नोंद कुठे आहे? तोंडाने ओआरएस चालेल का? नम्रपणे विचारा, पण उत्तर मिळेपर्यंत विचारा.