भाट्याच्या किनाऱ्यावरील भाडोत्री

जळकोटला पाणी म्हटले की विहीर, बोअर, आणि फार तर नळदुर्गच्या किल्ल्यातली बोरी नदी. समुद्र आमच्या मुलांनी पुस्तकातच पाहिलेला. म्हणून गेल्या फेब्रुवारीत आम्ही तीन कुटुंबे, लहानमोठी अकरा माणसे, सोलापूरहून एस.टी.ने रत्नागिरीला गेलो. आंबा घाट उतरेपर्यंत निम्मी पोरे ओकून बेजार झाली होती. पण भाट्याचा समुद्र दिसला आणि सगळी ताजीतवानी झाली.

अमावस्या असल्याने ओहोटी मोठी होती. वाळू संपून कातळ लागतो तिथे डबकी साचलेली. आमच्या धाकटीने पिशवी काढली आणि शंख वेचायला लागली. इतक्यात तिच्या हातातला एक शंख चालू लागला! ती किंचाळली. कातळावरची कालवे काढीत बसलेल्या एक मावशी हसून म्हणाल्या, "तो शंख नाय गो बाय, आत भाडोत्री आहे."

हा भाडोत्री म्हणजे शंखात राहणारा खेकडा. इंग्रजीत त्याला 'हर्मिट क्रॅब', म्हणजे संन्यासी खेकडा, असे नाव आहे. हे नाव कोणी दिले कोण जाणे, कारण घरासाठी याच्याइतका भांडणारा प्राणी विरळा! त्याचे पुढचे अंग टणक, पण पोट मऊ आणि उघडे. स्वतःचा शंख त्याला करता येत नाही. समुद्री गोगलगाय मेली की तिचा रिकामा शंख तो पाठीवर घेतो. अंगाने वाढला की पुन्हा मोठा शंख शोधणे आले. रिकामे शंख मात्र थोडे आणि गिऱ्हाईक फार.

त्यात एकाच किनाऱ्यावर अनेक जाती. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर डायोजेनिस या कुळातले खेकडे बहुधा वाळूत असतात, त्यांची डावी नांगी मोठी. क्लिबॅनेरियस कुळातले कातळात व चिखलात, त्यांच्या दोन्ही नांग्या जवळपास सारख्या. (रांजणात राहणाऱ्या ग्रीक तत्त्वज्ञाचे नाव पहिल्याला दिले आहे.) जागा वेगळ्या असल्या तरी हवे असलेले शंख बरेचदा तेच. काही जातींत हल्ला करणारा आपला शंख दुसऱ्याच्या शंखावर ठकठक आपटतो. आतला टिकला तर टिकला, नाहीतर बिचारा उघड्या पोटाने बाहेर येतो. १९७२ साली रिचर्ड व्हान्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने एकाच किनाऱ्यावरच्या तीन जातींचा अभ्यास मांडला. त्यात किनाऱ्यावरच्या जागांची आणि शंखांच्या आवडीची वाटणी झाल्याने तिघींचा निभाव लागतो, असे दिसले.

तंग शंखात राहणाऱ्याची वाढ खुंटते, मादी अंडी कमी घालते. हे सांगताना आमच्यातले थोरले गप्प झाले, कारण सगळ्यांना १९९३ आठवले. ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपाने किल्लारी-सास्तूर पट्टा भुईसपाट झाला. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली. घरे मिळाली, पण भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबाला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. आमचे आप्त बहुतेक पहिल्या ओळीत. घरात माणसे राहतात, जमीन शेतात राहते. तरी माप जमिनीचे लागले.

खेकड्यांच्या बाबतीत एक गंमतही आहे. एक मोठा शंख रिकामा मिळाला की एक खेकडा त्यात जातो, त्याच्या जुन्या शंखात दुसरा, दुसऱ्याच्यात तिसरा. म्हणजे एका शंखाने कित्येकांची सोय होते. मूळ कल्पना माणसांच्या नोकऱ्या व घरे यांच्या अभ्यासातली. इव्हान चेस या समाजशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली ती खेकड्यांना लावून दाखवली. आम्हा कारकुनांना यात नवल वाटले नाही. हेडक्लार्क निवृत्त झाले की खालची किती टेबले हलतात ते आम्ही मोजलेले आहे!

आणि शंख मिळालाच नाही तर? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातली छायाचित्रे तपासली, तेव्हा जमिनीवर राहणाऱ्या १६ पैकी १० जातींचे खेकडे बाटल्यांच्या बुचांत आणि तसल्याच कचऱ्यात राहताना आढळले.

रात्री मुक्कामाच्या खोलीत खरखर ऐकू आली. दिवा लावला तर धाकटीच्या पिशवीतून दोन शंख निघून भिंतीकडे चालले होते. म्हणजे रिकामे म्हणून आणलेले रिकामे नव्हते. पोरगी रडायला लागली, "मरतील का हो पप्पा?" ओले फडके घालून त्यांना वाटीत ठेवले आणि पहाटे अंधारातच रिक्षा करून भाट्याला गेलो. रिक्षावाल्याने कारण विचारले, आम्ही सांगितले, त्याने परतीचे पैसे घेतले नाहीत. डबक्यात सोडल्यावर एक लगेच कपारीत गेला. दुसरा बराच वेळ हललाच नाही. धाकटी उकिडवी बसून राहिली. अखेर त्याने एक नांगी बाहेर काढली.

मग तिने आपण होऊन उरलेली पिशवीही तिथेच उलटी केली. सोलापूरची गाडी गाठायची होती, म्हणून आम्ही घाई केली.