यंत्राची साक्ष

यंत्रावर उमटलेला आंकडा आपण निमूटपणें खरा मानतों. घड्याळ, तराजू, ताप पाहण्याची नळी, यांच्याशीं कोणी वाद घालीत नाहीं. परंतु यंत्रही खोटी साक्ष देऊं शकतें, आणि तें कोठें चुकलें हें शोधण्यासही एक शिस्त लागते. ही गोष्ट मला नाताळच्या सुटींत पाचोऱ्यास आमच्या घरींच शिकावयास मिळाली.

माझे थोरले बंधु लडाखांत, लेहपासून दूर एका खेड्यांत नोकरीस आहेत. तेथें विजेचा भरंवसा नाहीं. म्हणून त्यांनीं छपरावर सौर पॅनेल व खोलींत लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी बसविली आहे. रात्रींचा दिवा व घरीं बोलण्याचा फोन हीं दोन्ही तिच्यावरच चालतात. ही बॅटरी मोठी गुणी. पण तिचें एक पथ्य आहे. शून्य अंशाखालीं ती विजेनें भरूं नये. भरल्यास लिथियम आंतील ग्राफाइटांत न शिरतां त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपानें साचतो. त्यामुळें बॅटरी कायमची दुबळी होते, व पुढें धोक्याचीही ठरते. आमच्या खानदेशांत वैशाखांत तिला सावली शोधावी लागेल. लडाखांत मात्र हिवाळ्यांत ऊब द्यावी लागते.

म्हणून दादांनीं लांकडी पेटी केली, तींत जाड नमदा लाविला व बॅटरीखालीं विजेनें तापणारी गादी ठेविली. बॅटरीस चिकटविलेला थर्मिस्टर नांवाचा मिरीएवढा मणी तापमान ओळखतो. थंडी वाढली म्हणजे त्याचा विद्युत्-रोध वाढतो, ऊब वाढली म्हणजे घटतो. असा गुणधर्म फॅरडे या शास्त्रज्ञास १८३३ सालीं सिल्व्हर सल्फाइडांत आढळला होता. मण्याची साक्ष घेऊन कंट्रोलर ५ अंशांखालीं गादी सुरू करी व १५ अंशांवर बंद करी.

डिसेंबरांत पहांटेच्या वेळीं कंट्रोलर उणे ४० अंश दाखवूं लागला. पेटीस हात लावावा तर ती चांगलीच कढत! गादी रात्रभर तापत राही आणि बॅटरी रिकामी होई. दोन दिवस दादांचा फोन लागला नाहीं, तेव्हां आईच्या घशाखालीं घांस उतरेना. पुढें बॅटरी तेथेंच ठेवून, कंट्रोलर, गादी व मणी घेऊन दादा सुटीवर आले.

"नवा कंट्रोलरच घ्यावा," असें शेजारच्यांचें मत पडलें. दादा म्हणाले, "आधीं अपराधी कोण तें ठरवूं." त्यांनीं मण्याच्या जागीं १०,००० ओहमचा साधा रोधक जोडला. त्या मण्याचा रोध २५ अंशांवर तेवढाच असतो. कंट्रोलरनें २५ हा आंकडा दाखविला. तो निर्दोष सुटला.

आतां मण्याची पाळी. थर्मासांत बर्फाचा चुरा व थोडें पाणी घालून, मणी भिजूं नये म्हणून तो प्लास्टिकांत गुंडाळून मीं आंत सोडला. वितळता बर्फ पाचोऱ्यास काय व लेहला काय, शून्य अंशच दाखवितो. त्याच्याइतका सचोटीचा साक्षीदार नाहीं. दहा मिनिटांनीं मल्टिमीटरवर सुमारें ३३,००० ओहम आले. मग ताप पाहण्याच्या थर्मामीटरनें ३७ अंश मोजलेल्या कोमट पाण्यांत तोच मणी सुमारें ६,००० वर आला. दोन्ही आंकडे कोष्टकाबरहुकूम! कंट्रोलर खरा, मणीही खरा. मग उणे ४० आलें कोठून?

आम्ही दोघे विचारांत पडलों असतां आई म्हणाली, "अरे, माझ्या इस्त्रीची वायर नेहमीं मुठीपाशींच तुटते. बाहेरून कांहीं दिसत नाहीं."

दादांनीं लगेच मण्याची तार बोटांत धरून इंचाइंचानें वांकविली. पेटीच्या भोंकाच्या कडेवर जेथें ती घासत असे, तेथें वांकवितांच मल्टिमीटरचा आंकडा नाहींसा झाला! वेष्टण शाबूत होतें, आंतील तांबें तुटलें होतें. थंडीनें तार ताठरली कीं टोंकें दूर होत. मग वीज वाहत नसल्यानें रोध अमर्याद भासे, आणि कंट्रोलर समजे कीं भयंकर थंडी पडली आहे.

आम्हीं नवी तार जोडली व भोंकांत बसविण्यासाठीं रबराचें कडें घेतलें. शिवाय गादीच्या वाटेवर इस्त्रींत असतो तसा दोन धातूंच्या पट्टीचा स्वतंत्र थर्मोस्टॅट घातला. मणी पुन्हां फितूर झाला, तरी ठराविक उष्णतेस ती पट्टी वांकून वीज तोडील. एकाच पहारेकऱ्यावर सारें घर सोंपवूं नये.

जानेवारींत दादांचा फोन आला: बाहेर उणे १४, पेटींत ९. आईनें मात्र आंकडे विचारले नाहींत; "जेवलास का?" एवढेंच विचारलें.

विद्यार्थिमित्रहो, यंत्र बिघडलें कीं तें टाकून देण्याचा मोह होतो. परंतु एकेक भाग वेगळा काढून, ज्याच्या खरेपणाविषयीं शंका नाहीं अशा वस्तूशीं तो ताडून पाहिला, तर दोष आपोआप उघडा पडतो. आमचा दोष वीतभर तारेचा होता. घाईनें दंड मात्र निरपराध कंट्रोलरास झाला असता.