फाटलेल्या आवाजाची विशेषणे

लाउडस्पीकरचा आवाज फाटू लागला की मंडपवाल्याला हाक मारायची आणि आवाज कमी करायला सांगायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. मराठीने या घटनेसाठी 'फाटणे' हे क्रियापद योजले आहे आणि ते अचूक आहे. यंत्राच्या आवाक्याबाहेरचा स्वर त्याच्यातून नेला की स्वराच्या कडा चिरतात आणि मुळात नसलेली खरखर त्यात उगवते. पदार्थविज्ञानाची पाठ्यपुस्तके याला विरूपण म्हणतात आणि ते टाळण्याचे उपाय सांगतात. इलेक्ट्रिक गिटारच्या दुनियेने मात्र हे फाटणेच इष्ट मानले. आवाज किती फाटावा, कसा फाटावा, फाटल्यावरही त्यातले शब्द कळावेत की नाही, यावर गेली साठ वर्षे माणसे हिरिरीने भांडत आली आहेत. आम्हांला या भांडणात रस आहे. एक तर हा आवाज आम्हांला मनापासून आवडतो. दुसरे असे की हे भांडण जवळजवळ सर्वस्वी विशेषणांनी लढले जाते, आणि साहित्याच्या वर्गात हयात घालवलेल्या माणसाला विशेषणांची धास्ती असते.

आपण 'ओघवती', 'तरल', 'प्रत्ययकारी' म्हणतो. गिटारवाले मलईदार, तपकिरी, लाकडी, कुरकुरीत, चिखलट असे म्हणतात. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. हे शब्द कृतीतल्या कशाकडे बोट दाखवतात, की केवळ ऐकणाऱ्याची खुशी कळवतात?

उत्तर शोधण्यासाठी यंत्र थोडे उघडावे लागेल. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत जी काचेची नळी मंद तांबूस पेटत असे, तीच इथेही असते. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सर्वाधिक आढळणारी छोटी नळी म्हणजे १२ एएक्स ७. युरोपात तिलाच ईसीसी ८३ म्हणतात. कागदोपत्री तिचा वर्धनांक १०० आहे, प्रत्यक्ष मंडलात तो निम्म्याच्या आसपास भरतो. गिटारच्या तारेतून निघालेला व्होल्टचा अल्पांश अशा एका नळीतून नेला तर तो फक्त मोठा होतो. तीन-चार नळ्यांच्या टप्प्यांतून एकामागून एक नेला, तर पुढच्या टप्प्याला तो पेलवत नाही. लाटेचे माथे चपटे होतात, एक बाजू दुसरीच्या आधी चेपली जाते आणि मूळ स्वरासोबत नवे स्वरांश जन्मतात. 'हाय-गेन' या शब्दाचा अर्थ एवढाच. नळीचे वैशिष्ट्य म्हणजे ती एकदम मोडत नाही. आधी वाकते, मग चेपते. हळू छेडले तर आवाज बराचसा स्वच्छ, जोरात छेडले तर फाटलेला, असे हाताला उत्तर देणे त्यातून शक्य होते.

यात आणखी एक गंमत आहे. फाटणाऱ्या यंत्रात दोन स्वर एकत्र सोडले तर त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही ऐकू येतात. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर कंप पावते. तिचा पंचम सुमारे १२३ वर. दोघांतला फरक ४१, म्हणजे नेमका खालच्या सप्तकातला षड्ज. षड्ज-पंचमाची जोडी फाटल्यावर अधिकच भरदार होते ती यामुळे. त्याच ठिकाणी गंधार घातला की फरकाचे स्वर एकमेकांशी भांडू लागतात आणि चिखल होतो. जड रॉक संगीताचे व्याकरण षड्ज-पंचमावर का उभे राहिले, याचे बरेचसे उत्तर वादकांच्या अभिरुचीपेक्षा या अंकगणितात आहे.

आता घराण्यांकडे वळू. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचे ड्रमचे दुकान होते. ते स्वतः ड्रमवादक आणि ड्रमचे शिक्षक. अमेरिकन फेंडर अ‍ॅम्प तिथे महाग पडत, म्हणून १९६२-६३ मध्ये केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्या साहाय्याने त्यांनी फेंडरच्या 'बेसमन'ची प्रत केली. बेसमन हा मुळात बेस गिटारसाठी केलेला अ‍ॅम्प. प्रत जवळजवळ बरहुकूम होती, पण पहिल्या जागी अधिक वर्धनाची ईसीसी ८३ आली, ट्रान्सफॉर्मर इंग्लंडमध्ये मिळणारे आले, आणि दहा इंची स्पीकरांच्या मागून उघड्या पेटीऐवजी बारा इंची चार सेलेशन स्पीकरांची बंद पेटी आली. एवढ्या बदलांनी आवाज निराळाच झाला. अनुवाद शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण वर्गात जरूर वापरावे: शब्दशः प्रत, केवळ स्थानिक साहित्य वेगळे, आणि जन्माला आली ती एक स्वतंत्र बोली. तिचे प्रौढ रूप म्हणजे १९८१ पासूनची 'जेसीएम ८००' मालिका. तिच्यात खर्ज फाटण्यापूर्वीच छाटला जातो, मधले स्वर पुढे राहतात, आणि ईएल ३४ या मोठ्या नळ्या त्यांना किंचित किनार देतात. आम्हांला विचाराल तर उच्चाराच्या स्पष्टतेत हिला आजही जोड नाही. जीवा किती झोंबला ते यात लपत नाही. म्हणून कच्च्या वादकांना ती आवडतही नाही.

कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस वेगळी वाट धरली. मौजेखातर त्यांनी फेंडरच्या 'प्रिन्स्टन' या चिमुकल्या अ‍ॅम्पमध्ये मोठे ट्रान्सफॉर्मर आणि बारा इंची स्पीकर कोंबला. तो वाजवून कार्लोस सँटाना यांनी जो खूश होऊन उद्गार काढला, त्यातूनच 'बूगी' हे नाव आले असे कंपनी सांगते. पुढच्या 'मार्क' मालिकेत खर्ज-तीव्रांचे कान फाटण्याच्या आधी बसवले होते, आणि फाटून झाल्यावर पाच पट्ट्यांचे समीकरणयंत्र: ८०, २४०, ७५०, २२००, ६६०० हर्ट्झ. याचा वापर कसा होतो ते पाहावे. आधीचा खर्जाचा कान जवळजवळ शून्यावर ठेवतात आणि नंतर ८०ची पट्टी वर ढकलतात. वरवर पाहता हा वेडेपणा. आधी काढायचे आणि नंतर तेच घालायचे. पण आधी काढलेला खर्ज फाटत नाही, आणि नंतर घातलेला खर्ज न फाटता भरतो. मेटॅलिकाच्या १९८६ सालच्या 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये 'मार्क टू सी प्लस'चा जो कातीव, भिंतीसारखा आवाज आहे, त्याचे रहस्य बऱ्याच अंशी या क्रमात आहे. इथे आम्ही अडखळतो आणि थांबतो, कारण शैलीविषयी इतके नेमके विधान आम्हांला समीक्षेत फार क्वचित करता आले आहे: काय वगळले यापेक्षा ते *केव्हा* वगळले याने वाचन बदलते.

तिसरे घराणे माइक सोल्डॅनो यांचे. १९८७ चा 'एसएलओ-१००' हा त्यांचा अ‍ॅम्प. त्यात टप्पे वाढले, आणि एका टप्प्याची नळी मुद्दाम इतकी 'थंड' ठेवली की ती लाटेची एक बाजू सपशेल कापते. त्यानंतर १९९२ च्या सुमारास मेसा बूगीचा 'ड्युअल रेक्टिफायर' आणि पीव्हीचा '५१५०' असे दोन अ‍ॅम्प बाजारात आले. तिघांचे आराखडे शेजारी ठेवले तर कुटुंबसाम्य लपत नाही. प्रभाव कुठे संपतो आणि उचल कुठे सुरू होते या प्रश्नावर आपल्याकडे परिसंवाद होतात. इथे निदान रोधकांच्या किमती तरी ताडून पाहता येतात. आणि तरीही तिघे वेगळे वाजतात. रेक्टिफायरच्या 'मॉडर्न' स्थितीत शेवटच्या टप्प्याला लगाम घालणारी ऋण-प्रतिपुष्टी काढून घेतलेली असते. म्हणून खर्ज सैल होतो आणि वरचा भाग सळसळतो. नावात ज्याचा गौरव आहे ती नळीचा की सिलिकॉनचा रेक्टिफायर ही निवड आमच्या कानांना त्या मानाने दुय्यम वाटते. ५१५० आवळ आणि करकरीत. त्याचे नाव एडी व्हॅन हेलनच्या घरच्या स्टुडिओवरून, आणि स्टुडिओचे नाव मनोरुग्णाला सक्तीने ताब्यात घेण्याविषयीच्या कॅलिफोर्नियातील कायद्याच्या कलमावरून. २००४ मध्ये वादक आणि कंपनी वेगळे झाले. अ‍ॅम्प '६५०५' या नावाने चालू राहिला.

व्हॅन हेलनचे नाव निघालेच आहे तर एक सांगितले पाहिजे. १९७८ च्या पहिल्या तबकडीवरील त्याचा मार्शलचा आवाज 'तपकिरी' म्हणून प्रसिद्ध आहे. यंत्राला पुरवलेला विजेचा दाब आपण वाढवला होता असे त्याने आधी मुलाखतीत सांगितले, आणि पुढे, तो वस्तुतः कमी केला होता असे सांगितले. 'तपकिरी' हा शब्दही त्याने आपल्या भावाच्या ड्रमसंबंधी वापरला होता म्हणे. निर्मात्याच्या आत्मनिवेदनावर समीक्षेने किती विसंबावे, यासाठी याहून खणखणीत दाखला आमच्याजवळ नाही. इथे तर विसंबणाऱ्याचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका तालमीच्या खोलीत जेसीएम ८००, ड्युअल रेक्टिफायर आणि ६५०५ हे तिन्ही एकत्र ऐकण्याचा योग आला. गिटार एक, वादक एक, स्पीकरची पेटी एकच. आवाजाची पातळी मोजून सारखी केली, कारण एखाद-दुसऱ्या डेसिबेलने मोठा असलेला अ‍ॅम्प प्रत्येक वेळी 'श्रेष्ठ' ठरतो. पडद्याआड बसून आम्ही चौघांनी चिठ्ठ्यांवर शब्द लिहिले. नंतर त्या उलगडल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. 'दमदार', 'सुंदर', 'जबरदस्त' ही विशेषणे तिन्ही अ‍ॅम्पांवर कशीही विखुरली होती. पण 'पत्रा', 'करवत', 'भिजलेली घोंगडी' हे शब्द मात्र दोघा-तिघांनी, एकमेकांचे न पाहता, त्याच त्या अ‍ॅम्पसाठी निवडले होते किंवा त्याच्या अगदी जवळचे काही लिहिले होते. घोंगडी अर्थात रेक्टिफायरची.

आमच्यात एक स्नेही बाई होत्या. त्या वर्षानुवर्षे गायकांच्या मागे तंबोऱ्यावर बसत आल्या आहेत आणि या संगीताशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांच्या रेक्टिफायरच्या चिठ्ठीवर एकच वाक्य होते: "जवारी फार उघडी आहे." वादकाने कुतूहलाने विचारले, "ताई, मग काय करू?" त्या म्हणाल्या, "थोडी बंद कर की." त्याने क्षणभर विचार केला, अ‍ॅम्पच्या आधी खर्ज छाटणारे छोटे हिरवे पेडल जोडले, 'प्रेझेन्स'चा कान खाली आणला आणि पुन्हा छेडले. घोंगडी वाळली. "आता गोल झाली," असे त्या म्हणाल्या आणि चहाकडे वळल्या.

हे रूपक नव्हते, असे आम्हांला वाटते. तंबोऱ्याची घोडी किंचित वाकलेली असते; तारेखाली दोरा सरकवून ती तार घोडीला कुठे आणि किती घासावी हे ठरवतात, आणि त्या घासण्यातून साध्या तारेत दबून राहिले असते ते स्वरांश वर येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्येच दाखवून दिले होते की तंबोऱ्याची आणि वीणेची तार अशा जागी छेडली की जिथे एखादा उपस्वर नियमाने मरायला हवा, तरी तो इथे जिवंत राहतो. मिरजेचे कारागीर जे कानसेने आणि दोऱ्याने करतात, ते आणि नळीचे लाट चेपणे, या दोन्ही स्वराला मुद्दाम अडवून श्रीमंत करण्याच्या क्रिया आहेत. कारण वेगळे, साधन वेगळे. पण 'उघडी' आणि 'बंद' हे शब्द दोन्हीकडे लागू पडले, कारण ते शब्द मुळात करणाऱ्याच्या हातातून आले आहेत. 'मलईदार' ऐकून वादकाला काही फिरवता येत नाही. 'थोडी बंद कर' ऐकून येते. तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या निबंधात 'ओघवती शैली' दिसली की आम्ही समासात लिहितो: लेखकाला हे वाचून काय बदलता येईल?

स्पीकरविषयी थोडे. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर आवाज झपाट्याने गिळून टाकतो. तो काढून हाच आवाज थेट ऐकला तर गांधीलमाश्यांचे पोळे उठल्यासारखे वाटते. अ‍ॅम्पाअ‍ॅम्पांत म्हणून जे फरक सांगितले जातात, त्यांतले निम्मे तरी स्पीकरांचे असावेत, असे आमचे मत आहे. दोन छापखान्यांच्या टंकांतला फरक कवींच्या नावावर मांडल्यासारखे ते होते.

आता तर नळ्यांशिवायही हे आवाज मिळतात. २०११ मध्ये केम्परचे यंत्र आले; ते एखाद्या अ‍ॅम्पचा ठसा घेते. हल्ली हेच काम न्यूरल नेटवर्क घरच्या संगणकावर करतात, आणि ध्वनिमुद्रणात मूळ कोणते व ठसा कोणता हे सांगणे दुर्घट झाले आहे. पण असा ठसा एका विशिष्ट अ‍ॅम्पचा, बहुधा कानांच्या एका मांडणीचा आणि एका दिवसाचा असतो. मूळ यंत्र मात्र बदलत राहते. मोठ्या नळ्या वापराने झिजतात आणि बदलाव्या लागतात. त्या बनवणारे कारखाने आज मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन एवढ्याच देशांत उरले आहेत, आणि मार्च २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातबंदीची बातमी आली तेव्हा जगभरच्या वादकांनी साठे करायला धाव घेतली होती. पुण्यातल्या त्या खोलीच्या मालकाने दिवाळीनंतर रेक्टिफायरच्या चारही ६ एल ६ नळ्या बदलल्या. आवाज थोडा कडक झाला आहे असे तो सांगतो. ताईंना पुन्हा बोलवावे, असे ठरते आहे.