वहीला उद्या ठाऊक नसतो

माझे आजोळ बेळगावला लागून असलेले कंग्राळी. कंग्राळ्या दोन, बुद्रुक आणि खुर्द. पण तिकडे सगळे 'बी. के.' आणि 'के. एच.' म्हणतात. आमची बी. के. तिथल्या माझ्या मामांना रात्री जेवण झाल्यावर वहीत चार ओळी लिहायची सवय होती. ते गेल्यावर मामींनी वह्यांचा गठ्ठा माझ्या हाती दिला. म्हणाल्या, "तू लिहितोस, तर तूच ठेव."

आपल्या गोव्याला स्वतःविषयी लिहिणे नवे नाही. साखवाळच्या धर्मानंद कोसंबींचे 'निवेदन' १९२४ साली पुस्तकरूपात आले. नारळाच्या बागेत राबणारा मुलगा बुद्धाच्या ओढीने काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश करीत थेट हार्वर्डला कसा पोहोचला, ते त्यात वाचायला मिळते. पण असे पुस्तक मागे वळून लिहिलेले असते. लिहिणाऱ्याला पुढे काय झाले ते ठाऊक असते. रोजच्या वहीला मात्र उद्या ठाऊक नसतो.

मामांच्या वहीत आधी शेतच शेत आहे. पेरणी, चिखलणी, बासमतीचा भाव, मजुरी. मग एका दिवशी 'बैल विकले.' दुसऱ्या दिवशी 'गोठा झाडला.' त्यानंतर पाच दिवस काहीच नाही. आत्मचरित्र लिहिले असते, तर मामांनी या ठिकाणी एक प्रकरण घातले असते. वहीत पाच कोरे दिवस आहेत, आणि मला तेवढे पुरतात.

पुढे ते उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला लागले. आता नोंदी पाळीच्या, ओव्हरटाइमच्या. मधेच एक ओळ येते: 'शेतावर असताना पाऊस आला की बरे वाटायचे. आता सायकलवर असताना आला की नको वाटतो. पाऊस तोच आहे.' काम बदलले की माणूस कुठून बदलतो, हे याहून नेमके मी वाचलेले नाही.

आणखी एक गोष्ट. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. मामा मराठी शाळेत शिकलेले. जमिनीचा उतारा मात्र कन्नडात यायचा. तो वाचून घ्यायला आणि अर्ज लिहून घ्यायला कुणाला तरी विचारावे लागे. ही वही तेवढी अशी होती की जिच्यासाठी कुणाला काही विचारायला नको. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे सरकारी नाव 'बेळगावी' झाले. वहीत शेवटपर्यंत 'बेळगाव' आहे. त्यात हट्ट दिसत नाही. तोंडात होते तेच कागदावर उतरले.

अशा नोंदींचे पुढे काय होते? भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी तारीखवार नोंदींची एक शकावली होती. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य ३, शके १५५१ अशी मिळाली. आज महाराष्ट्रात १९ फेब्रुवारीला सरकारी शिवजयंती होते, तिच्यामागे या घरगुती नोंदीचा मोठा आधार आहे. मामांच्या वहीतून असा इतिहास निघणार नाही. पण कंग्राळीच्या शेतांत घरे कशी उठली, शेतकऱ्याचा कामगार कधी झाला, मजुरी किती होती, हे उद्या कुणी विचारले तर उत्तर तिच्यात आहे, आणि ते मराठीत आहे.

घर बदलताना, वाटण्या होताना अशा वह्या रद्दीत जातात. तुमच्या माळ्यावर एखादी असेल तर आधी खाली काढा, वाळवी बघा, उन्हाची तिरीप दाखवा. आणि स्वतः लिहायला बसलात तर सुंदर लिहिण्याच्या भानगडीत पडू नका. आज काय काम केले ते लिहा. विचार आपसूक मधे येतो. तारीख तेवढी घालायला विसरू नका.