मारा नदीच्या काठावर

केनियातल्या मसाई मारातला ऑगस्ट. पलीकडच्या काठावर हजारो विल्डबीस्ट दाटलेत. मागचे रेटतात, पुढचे पाणी हुंगून माघारी वळतात. मग एकाने उडी घेतली आणि अख्खा कळप धुरळ्यासकट नदीत उतरला. मगरीने एक पिल्लू ओढलं तेव्हा पोटात कालवलं. पण नदी ओलांडताना बुडालेल्या जनावरांवर गिधाडं, मारबू करकोचे आणि नदीतले मासेही पोट भरतात. पावसामागे, कोवळ्या गवतामागे दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट टांझानियातल्या सेरेंगेटीतून दरवर्षी हा फेरा करतात. नदीत उतरायच्या त्यांच्या वाटा मात्र पर्यटकांच्या गाड्या अडवतात. तुम्ही जाल तेव्हा चालकाला आवर्जून सांगा, गाडी काठापासून लांब ठेवा. फोटो हुकला तरी चालेल, आधी त्यांना उतरू द्या.